कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट: फॉर्म्युला एकच, खनिजं दोन

कॅव्हन्साइट हे गडद निळ्या रंगाचं एक दुर्मीळ खनिज आहे. त्याचे जगातले सगळ्यात देखणे नमुने पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीतल्या दगडखाणींतून आले आहेत. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर बसलेली निळी फुलं दिसली आणि खाली 'पुणे, इंडिया' असं लिहिलेलं असलं, तर बहुतेक वेळा ते हेच असतं. मी केडगावचा. वाघोली आमच्यापासून रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. तरी शाळेत असताना या दगडाचं नाव एकदाही कानावर आलं नाही. त्यामुळे हा लेख थोडा सविस्तर होणार आहे.

आधी एक खुलासा. 'नवीन खनिज सापडलं' अशी बातमी मोबाइलवर अधूनमधून येते. खाली एक चमकणारा फोटो असतो, आणि फोटोखाली एक लांबलचक फॉर्म्युला. वाचून आपण पुढे स्क्रोल करतो. पण खनिज 'नवीन' आहे हे ठरवतं कोण आणि कशावरून? रंगावरून? चवीवरून? कॅव्हन्साइटची गोष्ट यासाठी एकदम चपखल आहे, कारण त्याला एक जुळा भाऊ आहे. रासायनिक फॉर्म्युला तोच, एका अणूचाही फरक नाही, तरी शास्त्राच्या नजरेत ते वेगळं खनिज. त्या भावाचं नाव पेंटागोनाइट.

शोध कुठे लागला

वाघोलीत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, ओवायही धरणाच्या परिसरात. तिथे पेरिगो नावाच्या दांपत्याला हे निळे स्फटिक सापडले. लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड इव्हान्स आणि जेम्स लिंडसे या तिघांनी त्यावर काम केलं आणि १९७३ मध्ये 'अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट' या नियतकालिकात दोन्ही खनिजांचं वर्णन एकत्र प्रसिद्ध केलं. कॅव्हन्साइट हे नाव म्हणजे सरळ जोडकाम आहे: कॅल्शियममधला 'कॅ', व्हॅनेडियममधला 'व्हॅन', सिलिकेटमधला 'सि' आणि शेवटी खनिजांच्या नावाला लागतं ते 'आइट'. आपण प्रोजेक्टच्या फोल्डरला नाव देतो तसंच. पेंटागोनाइट हे नाव मात्र त्याच्या पाच टोकांच्या ताऱ्यासारख्या आकारावरून पडलं. त्याच्याकडे नंतर येऊ.

ऑरेगनमधले स्फटिक बारीक होते. वाघोलीच्या खाणींत १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे खनिज भरपूर सापडू लागलं आणि जगभरच्या संग्राहकांचा नकाशाच बदलला. तिथे काळ्या कातळाच्या पोकळ्यांत पांढरट स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटचे स्फटिक असतात, आणि त्यांच्यावर कॅव्हन्साइटचे निळे गोळे बसलेले असतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक गोळा म्हणजे मध्यातून चहूबाजूंना फुटलेल्या काड्यांचा झुपका. ओवायही धरणाप्रमाणे वाघोलीतही दोन्ही भाऊ सापडतात.

हा कातळ म्हणजे आपला दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, म्हणून पोकळ्या राहिल्या. नंतर गरम पाणी त्या कातळातून झिरपलं, कातळातले घटक विरघळवून घेऊन आलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर सोडून गेलं. केडगाव, पाटस, यवत, चौफुला या पट्ट्यात विहीर फोडताना यारीच्या बादलीतून वर येणाऱ्या दगडांत पांढऱ्या काड्या किंवा चमकणारे खडे तुम्ही पाहिले असतील. गावाकडे त्या सगळ्यांना सरसकट 'गारगोटी' म्हणतात. त्यातल्या पुष्कळ खऱ्या गारगोट्या नसतात, झिओलाइट कुळातली खनिजं असतात. झिओलाइट म्हणजे आत बारीक बोगदे असलेली आणि त्या बोगद्यांत पाणी धरून ठेवणारी खनिजं. कॅव्हन्साइट त्यांच्या शेजारीच वाढतं आणि वागतंही बरंचसं त्यांच्यासारखं.

निळा रंग तांब्याचा नाही

निळा खडा दिसला की आपल्याकडे पहिला अंदाज मोरचुदाचा असतो. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्याला तर शंकाच नसते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि त्याचा निळेपणा तांब्यामुळे येतो. कॅव्हन्साइटमध्ये तांबं औषधालाही नाही. तिथे निळा रंग देतो व्हॅनेडियम हा धातू, आणि तोही एका ठरावीक अवस्थेत, म्हणजे त्याच्यावर चार धन विद्युतभार असताना. स्टील कडक करण्यासाठी वापरतात ते हेच व्हॅनेडियम. बेसाल्टमध्ये ते अगदी थोडं असतं, पण असतं.

रंगावर विसंबणं धोक्याचं, एवढं यातून लक्षात ठेवा. पण मोरचूद आणि कॅव्हन्साइट यांचा घोळ रासायनिक तपासणीने लगेच मिटतो. खरी अडचण पुढे आहे.

फॉर्म्युला वाचूया

कॅव्हन्साइटच्या फॉर्म्युल्यात एक कॅल्शियम, एक व्हॅनेडियम आणि त्याला चिकटलेला एक ऑक्सिजन, चार सिलिकॉन आणि त्यांचे दहा ऑक्सिजन, शिवाय पाण्याचे चार रेणू. पेंटागोनाइटचा फॉर्म्युला लिहायचा झाला तर हेच वाक्य पुन्हा लिहायचं.

या फॉर्म्युल्यातला सगळ्यात बोलका भाग म्हणजे चार सिलिकॉनला दहा ऑक्सिजन. सिलिकेट खनिजांत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. तीन खाली त्रिकोणात आणि एक वर, अशी चार टोकांची छोटी रास. तिला चतुष्फलक म्हणतात. संक्रांतीला सुगडं मांडतो तसे तीन चेंडू खाली एकमेकांना चिकटवून ठेवा, त्यांच्या खळगीत वर चौथा ठेवा आणि मधल्या फटीत सिलिकॉन आहे असं समजा. मग चार सिलिकॉनला सोळा ऑक्सिजन हवेत ना? दहाच कसे? कारण शेजारी चतुष्फलक टोकाचा ऑक्सिजन वाटून घेतात. समजा प्रत्येकाने आपले तीन ऑक्सिजन शेजाऱ्यांशी वाटून घेतले आणि एक स्वतःकडे ठेवला. मग एका सिलिकॉनच्या वाट्याला तीन अर्धे म्हणजे दीड, आणि स्वतःचा एक, असे अडीच ऑक्सिजन येतात. चार सिलिकॉनचे झाले दहा. हिशोब जुळला. म्हणजे नुसत्या फॉर्म्युल्यावरून एवढं कळतं की प्रत्येक चतुष्फलक तीन शेजाऱ्यांना धरून आहे. अशी जोडणी सपाट पसरत गेली की तयार होतो एक थर, जाळीसारखा. अभ्रकाचे पापुद्रे निघतात ते अशाच थरांमुळे.

आता मजा पुढे. प्रत्येकाने तीन शेजाऱ्यांचा हात धरायचा, एवढाच नियम असेल तर जाळी किती प्रकारे विणता येईल?

अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके तेवढेच, पण आजी जोडते तेव्हा कमळ निघतं आणि ताई जोडते तेव्हा चांदणी. इथेही तसंच. सगळीकडे सहा-सहा जणांची कडी केली तर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी तयार होते. कुठे चार जणांची कडी आणि कुठे आठ जणांची केली, तर वेगळीच जाळी तयार होते, आणि प्रत्येकाचे शेजारी मात्र तीनच राहतात. कॅव्हन्साइटचे थर चार आणि आठच्या कड्यांचे आहेत. पेंटागोनाइटचे थर सहाच्या कड्यांचे. दोघांतला मूळ फरक हाच. एकच सामान वेगळ्या पद्धतीने मांडून दोन खनिजं होतात, तेव्हा त्यांना द्विरूपी म्हणतात. हिरा आणि ग्रॅफाइट हे शाळेतलं उदाहरण आहेच, पण ते इतके वेगळे दिसतात की त्यात आश्चर्य उरत नाही. हे दोघे दिसायला एकसारखे निळे आणि अनेकदा एकाच खाणीत राहणारे. म्हणून मला हे उदाहरण जास्त आवडतं.

थर एकमेकांना धरून कसे राहतात?

प्रत्येक चतुष्फलकाने एक ऑक्सिजन स्वतःकडे ठेवला होता. चार सिलिकॉनचे असे चार मोकळे ऑक्सिजन झाले. काही थराच्या वरच्या बाजूला टोक काढून बसतात, काही खालच्या. दोन थरांच्या मधल्या जागेत व्हॅनेडियम येतो आणि असे चार मोकळे ऑक्सिजन चौरसाच्या चार कोपऱ्यांसारखे धरतो. पाचवा त्याचा स्वतःचा, डोक्यावर. हा पाचवा बंध बाकीच्या चारांपेक्षा बराच आखूड आणि घट्ट असतो. चौरस पाया आणि वर एक टोक, म्हणजे पिरॅमिडच. फॉर्म्युल्यात 'व्हॅनेडियम आणि त्याला चिकटलेला एक ऑक्सिजन' असं वेगळं लिहायचं कारण हे. कॅल्शियम आणि पाण्याचे रेणू उरलेल्या मोकळ्या जागेत, थरांमधल्या बोगद्यांत बसतात.

विद्युतभाराचा हिशोबही बघा. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळीवर एकूण चार ऋण भार. कॅल्शियमचे दोन धन, आणि व्हॅनेडियम-ऑक्सिजनच्या जोडीचे दोन धन. बेरीज शून्य. पाणी तटस्थ, त्यामुळे ते गेलं तरी हिशोब बिघडत नाही. आणि ते खरंच जातं. २२० अंश सेल्सिअसला तापवलेल्या कॅव्हन्साइटची रचना १९७५ मध्ये तपासली गेली. बरंचसं पाणी निघून गेलं होतं, पण सांगाडा कोसळला नव्हता. इमारत रिकामी करावी आणि खांब जागेवर राहावेत, तसं. (घरी गॅसवर प्रयोग करू नका. दगडातल्या पोकळीत अडकलेलं पाणी उकळलं की दगड फुटून उडतो.)

हे सगळं दिसलं कशाने?

डोळ्याने नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकानेही नाही. दोन अणूंमधलं अंतर एक-दोन अँगस्ट्रॉम असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या हजारोपट मोठी. जाड खडूने मुंगीचे पाय काढायला बसल्यासारखं ते होईल. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र बरोबर या मापाची असते. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून क्ष-किरण स्फटिकातून पाठवले गेले आणि पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटली. पुढच्या वर्षभरात विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी काढायची रीत बसवली.

तत्त्व ढोलपथकाचं आहे. रस्त्यावर वादकांच्या एकामागे एक रांगा उभ्या आहेत आणि सगळे एकाच क्षणी टिपरू मारतात असं समजा. तुम्ही कुठे उभे आहात त्यावर प्रत्येक रांगेचा आवाज तुमच्यापर्यंत थोडा पुढेमागे पोहोचतो. बहुतेक ठिकाणी नुसता गोंधळ ऐकू येतो. एखाद्या नेमक्या जागी मात्र मागच्या रांगेचा हा ठोका आणि पुढच्या रांगेचा त्यानंतरचा ठोका एकत्र येतात आणि छातीत धडधडतं. ती जागा कोणती हे रांगांमधल्या अंतरावर ठरतं. उलटं करा: ती जागा मोजली तर अंतर कळेल. ठोक्यांच्या जागी क्ष-किरण आणि वादकांच्या रांगांच्या जागी अणूंचे थर ठेवले की झाला ब्रॅग यांचा नियम.

प्रयोगशाळेत साधारणपणे तांब्याच्या नळीतून निघणारे क्ष-किरण वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम. प्रसिद्ध झालेल्या मापांवरून मी गणित केलं, तर कॅव्हन्साइटच्या पावडरची पहिली मोठी रेघ सुमारे ११.१ अंशांवर येते आणि पेंटागोनाइटची सुमारे १०.७ अंशांवर. फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा, पण यंत्राला तेवढा खूप झाला. हे त्या खनिजाचं आधार कार्ड समजा: रेघांचा क्रम जुळला की ओळख पटली.

रेघांवरून ओळख पटते, पण ते खनिज आधी कुणीच पाहिलेलं नसेल तर? मग पावडर न करता एकच नितळ, बारीक स्फटिक किरणात फिरवत ठेवतात आणि शेकडो-हजारो ठिपके मोजतात. ठिपक्यांच्या जागा सांगतात पेटीचं माप, आणि ठिपके किती तेजस्वी आहेत त्यावरून कळतं की पेटीत कोण कुठे बसलंय.

पेटी, म्हणजे युनिट सेल

'पेटी' म्हणजे स्फटिकाचा सगळ्यात लहान असा तुकडा, जो लांबी, रुंदी, उंचीत ओळीने रचत गेलं की पूर्ण स्फटिक तयार होतो. फरशीवरच्या नक्षीतली एक फरशी, तसं. कॅव्हन्साइटची पेटी ९.७९२, १३.६४४ आणि ९.६२९ अँगस्ट्रॉम मापाची, तिन्ही कोन काटकोन. पेंटागोनाइटची १०.२९८, १३.९९९ आणि ८.८९१, तीही काटकोनी. दोन्ही पेट्यांत फॉर्म्युल्याचे चार-चार संच मावतात. एका संचात पाण्यातला हायड्रोजन धरून २९ अणू, म्हणजे पेटीत ११६.

हे आकडे खरे कशावरून? एक पडताळा आपणच करू शकतो. पेटीतल्या अणूंचं एकूण वजन भागिले पेटीचं आकारमान. कॅव्हन्साइटसाठी उत्तर येतं घन सेंटिमीटरला २.३३ ग्रॅम. प्रत्यक्ष मोजलेली घनता २.२ ते २.३च्या आसपास आहे. अदृश्य पेटीवरून काढलेलं उत्तर आणि तराजूवरचं उत्तर शेजारी येऊन बसतात. पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर हे केलं तेव्हा मला टेस्ट केस पास झाल्यासारखं वाटलं होतं. पेंटागोनाइटचं उत्तर येतं २.३४. म्हणजे वजन करूनही दोघांना वेगळं ओळखता येत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. प्रत्येक स्फटिकरचना एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवतात. तिला सीआयएफ म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने १९९१ मध्ये हा साचा ठरवला. फाइल काही केबींची, आपल्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षा कितीतरी लहान. त्यात पेटीची मापं, सममितीचे नियम आणि काही मोजक्या अणूंचे पत्ते असतात. कॅव्हन्साइटच्या पेटीत सोळा सिलिकॉन आहेत, पण फाइलमध्ये लिहावे लागतात दोनच. कारण सममितीचे आठ नियम त्या प्रत्येकाच्या आठ प्रती करतात: आरशातली प्रतिमा, अर्ध्या फेरीने फिरवून सरकवलेली प्रत, वगैरे. दोन गुणिले आठ, सोळा. मग ती पेटी रचत जा. एक मिलिमीटरच्या ठोकळ्यात अशा किती पेट्या बसतील? आठावर सतरा शून्यं, साधारण. एवढा सगळा पसारा पंधरा-वीस ओळींत! याहून चांगलं डेटा कॉम्प्रेशन मी तरी पाहिलेलं नाही.

या फाइली मोफत मिळतात. 'क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस' या साइटवर कॅव्हन्साइटचं इंग्रजी नाव टाकून शोधा. फोनवर ती फाइल नोटपॅडमध्येही उघडते. लॅपटॉप असेल तर 'व्हेस्टा' नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि रचना बोटाने फिरवतो तशी माउसने फिरवून बघा. चारच्या आणि आठच्या कड्या स्वतः शोधा. मग पेंटागोनाइट उघडा. लेख वाचून जे कळतं त्याच्या दसपट त्या दहा मिनिटांत कळेल.

पाच टोकांचा तारा

स्फटिकाला पंचकोनी सममिती असू शकत नाही, हा जुना नियम. फक्त नियमित पंचकोनी फरश्यांनी फट न ठेवता जमीन भरून दाखवा, जमणार नाही, तेच कारण. (अर्धस्फटिक नावाचा अपवाद १९८२ मध्ये डॅन शेक्टमन यांना सापडला आणि त्यासाठी २०११चं नोबेल मिळालं, पण ते प्रकरण वेगळं.) मग पेंटागोनाइट पाच टोकांचा तारा कसा करतो?

तो तारा एक स्फटिक नसतोच. पाच स्फटिक एका अक्षाभोवती पाठीला पाठ लावून वाढलेले असतात. असं का व्हावं, हे पेटीच्या मापात दडलंय. पेटीच्या तळाच्या दोन बाजू १०.२९८ आणि १३.९९९. या आयताचे कर्ण काढा. ते एकमेकांना छेदतात तिथला लहान कोन येतो ७३ अंशांपेक्षा किंचित कमी. पूर्ण वर्तुळाचे पाच भाग केले तर प्रत्येकी ७२. थोडीशी तडजोड केली की पाच जण गोलात बसतात. कॅव्हन्साइटच्या पेटीचं गणित करून बघा, तिथला कोन पेंटागोनाइटच्या जवळही नाही असं नाही, ७१च्या थोडा वरच येतो, पण त्याच्या आतली जाळी वेगळी आहे आणि तो असे तारे करत बसत नाही, झुपके करतो. नुसत्या पेटीच्या मापावर सगळं ठरत नाही, हेही त्यातून दिसतं.

सरावलेले संग्राहक आकारावरून अंदाज बांधतात: गोलसर, दाट झुपका असेल तर कॅव्हन्साइट, टोकदार, सुटी पाती असतील तर पेंटागोनाइट. अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. पण खात्री क्ष-किरणानेच, किंवा रामन वर्णपटाने. गूगल लेन्सवर फोटो टाकलात तर ते रंग आणि आकार बघून जवळचं चित्र शोधतं. आतल्या कड्या चारच्या आहेत की सहाच्या, हे कुठल्याही फोटोत नसतं, मग कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा असो.

नवीन खनिजाला मान्यता कशी मिळते

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेची एक समिती १९५९ पासून हे काम बघते. नवीन खनिज सुचवणाऱ्याला रासायनिक घटक, स्फटिकरचना, घनता, कठीणपणा, प्रकाशातलं वर्तन आणि सापडल्याची जागा असं सगळं मांडावं लागतं. समितीचे सदस्य मतदान करतात. मूळ नमुना एखाद्या संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली तर तोच दगड पुन्हा तपासता यावा. स्वतःचं नाव स्वतःच्या खनिजाला देता येत नाही, हा नियम मला फार आवडतो. अशी मान्यता मिळालेली खनिजं आज सुमारे सहा हजार आहेत.

पुण्याच्या नावाचंही एक खनिज एकोणिसाव्या शतकात मिरवून गेलं: पूनाहलाइट. पुढे कळलं की ते आधीच माहीत असलेल्या झिओलाइटपैकीच होतं, आणि नाव रद्द झालं. त्या काळात रचना बघायचं साधनच नव्हतं.

या सगळ्यात जागेची नोंद ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त हरवते. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. जिथे कातळ उघडा होता तिथे आता टॉवर आणि सोसायट्या उभ्या राहतायत, आणि खाणीतला बहुतेक दगड क्रशरमध्ये जाऊन खडी झालाय. तो रस्त्यात आणि स्लॅबमध्ये आहे. त्याबद्दल तक्रार नाही, घरं हवीतच. पण विकल्या गेलेल्या कित्येक नमुन्यांवर नुसतं 'पुणे' लिहिलेलं असतं. कुठली खाण, किती खोल, कुठल्या थरात, काही नाही. हे खनिज नेमकं कशामुळे इथेच इतकं साठलं, हे शोधायला तीच माहिती लागते, आणि ती खडीतून परत काढता येत नाही.

म्हणून तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीच्या ढिगाऱ्यात वेगळा खडा दिसला, तर आधी मालकाला विचारा. चालू खाणीत किंवा सुरुंगाच्या जागी पाऊलही टाकू नका. दगड फोडून खडा सुटा करायला जाऊ नका. तो कशावर बसलाय ही निम्मी माहिती असते. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि फोनचं लोकेशन चालू ठेवा. किती फुटांवर लागला ते यारीवाल्याला विचारून लिहून घ्या, तो अचूक सांगतो. अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू, काही लावू नका; साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या किंवा फर्ग्युसन कॉलेजच्या भूशास्त्र विभागात दाखवा. तुमचा खडा बहुतेक स्टिल्बाइट किंवा कॅल्साइट निघेल. तरी जागेची नोंद वाया जात नाही.

आणि कॅव्हन्साइट प्रत्यक्ष बघायचंच असेल, तर सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात जा. झिओलाइटचा त्यांचा संग्रह मोठा आहे. निळा झुपका दिसला की आधी पाती टोकदार आहेत की गोलसर ते बघा, मगच पाटी वाचा.